गाळलेल्या पाच ओळी

कार्तिक लागला की मला आधी खाज आठवते आणि मग वास. भाताची कुसळं मानेच्या मागे आणि कोपराच्या आतल्या बाजूला अशी काही बसतात की आंघोळ करूनही दोन दिवस निघत नाहीत. मुंबईत नोकरीला असताना, थंडगार खोलीत टाय लावून बसलेलो असतानासुद्धा, ह्या दिवसांत माझा हात आपसूक मानेकडे जायचा. बायको म्हणायची, एकदा त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. डॉक्टर बिचारा काय करणार? ती खाज माझ्या गावची, तुडीलची होती आणि मी तिच्यापासून पळून आलो होतो, एवढंच.

वास मात्र दोन आहेत आणि ते एकमेकांपासून सुटत नाहीत. एक पेंढ्याचा, सकाळच्या दहिवराने ओला आणि दुपारपर्यंत उन्हाने कडक झालेला. दुसरा कॉम्प्युटरच्या छापील कागदाचा. दोन्ही कडांना भोकं असलेला, फिकट हिरव्या पट्ट्यांचा तो रुंद कागद आता कुणाच्या पाहण्यात नसेल. त्याला शाईच्या फितीचा एक तेलकट वास असायचा. हे दोन वास एका नाकात एका वेळी येण्याचं खरं तर काही कारण नाही. पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, एका दिवाळीच्या सुट्टीत, ते आमच्या पडवीत शेजारी शेजारी बसले होते.

यंदा बऱ्याच वर्षांनी कापणीला तुडीलला आलोय. निवृत्त माणसाला कार्तिक काय आणि चैत्र काय, पण ताईचा फोन आला, भात कापायला घेतलाय, येतोस का म्हणाली. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचं सासर गावातच, आमच्याच बौद्धवाडीत, त्यामुळे माहेर आणि सासर ह्यांत एक चिंचेचं झाड आणि एक विहीर एवढंच अंतर. आता झोडणीला मशीन येतं. ते ओरडतं फार, पण दोन तासांत काम उरकतं. मोजणी मात्र अजून पायलीनेच होते. परवा सकाळी ताईच्या सुनेने पायली राशीत खुपसली, वर हात फिरवून सपाट केली, पोत्यात ओतली आणि म्हणाली, लाभ. मग दोन. मग तीन.

आमच्याकडे राशीच्या पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. चार चांगले दिवस यावेत म्हणून म्हणतात, त्यात गणित काही नाही. पहिली ती पहिलीच, फक्त तिचं नाव गोड ठेवलेलं. खळ्यावर वाढलेल्या माणसाला मोजणीची सुरुवात कुठून होते हे शिकवावं लागत नाही. समोर रास असते, पहिलं माप हातात असतं, ते मोजलेलं असतं. शून्य पायली असं कोणी कधी मोजलंय का? पहिल्याला काय म्हणायचं, ह्या एवढ्याशा गोष्टीवरून मी आयुष्यात एकदा सपशेल आपटलो. एकटा आपटलो असतो तरी चाललं असतं.

तेव्हा मी मुंबईत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्टमधला माझा जोडीदार काशिनाथ. तो पोलादपूर तालुक्यातला, उमरठच्याही वर डोंगरात त्याची वाडी. एकाच एसटीने घरी जाणारे दोघं म्हणून आमची गाठ पडली आणि मग सुटली नाही. वर्गातल्या बाकीच्यांनी प्रोजेक्टसाठी चोरघंटा घेतली, रेडिओ घेतला. आम्हाला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, आम्ही म्हणालो, आपण प्रोसेसर बांधू. बाजारात आयता मिळणारा नव्हे. लहान लहान चिपा एकमेकींना जोडून, आपला आपण आखलेला, सोळा हुकूम कळणारा. सरांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं आणि सही केली. वर्षाच्या मध्यापर्यंत टेबलभर तारांचं जंजाळ, लाल दिव्यांच्या दोन रांगा आणि बटणांच्या दोन रांगा एवढं उभं राहिलं. त्याला बत्तीस ओळी लक्षात ठेवता येत, तेहतिसावी नाही.

आता ह्या यंत्राला हुकूम खरंच कळतात का, हे बघायचं तर त्याला चाचणीचे प्रोग्राम द्यायला हवेत. यंत्राला कळतात फक्त आकडे आणि माणसाला आकड्यांत विचार करता येत नाही. माणूस लिहितो: मिळव, वजा कर, शून्य आलं तर अमुक ओळीवर जा. ह्या शब्दांचे आकडे करून देणारा जो प्रोग्राम, तो असेंब्लर. तो आम्हीच लिहिला, कॉलेजच्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी. कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा रबराने बांधून खिडकीत द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो हिरव्या पट्ट्यांचा कागद घ्यायचा. त्यावरचे आकडे बघून यंत्राची बटणं एकेक वर-खाली करायची. पाच बटणं ओळीच्या जागेची, नऊ बटणं हुकमाची. बेरजेची चाचणी पास झाली, वजाबाकीची झाली, उडी मारून दुसऱ्या ओळीवर जायची झाली. आम्ही दोघं त्या दिवशी कँटीनमध्ये तीन-तीन चहा प्यायलो.

काशिनाथची एक खोड होती. उडी जिथे पडायची त्या ओळीवर तो नेहमी 'काही करू नको' हा हुकूम टाकायचा. असा हुकूम असतो, यंत्र त्यावर क्षणभर थांबतं आणि पुढे जातं. तो त्याला विसावा म्हणायचा. त्याच्या वाडीच्या चढावर डोक्यावरचा भारा टेकवायला कमरेइतके उंच धोंडे रचलेले होते. लांबून आलेल्याला टेकायला जागा नको काय रे, असं त्याचं म्हणणं. शिवाय उद्या तिथे काही घुसडायचं झालं तर जागा तयार. मला पटलं. सगळ्या चाचण्यांत आम्ही विसावे ठेवले.

दिवाळीची सुट्टी लागली, कॉम्प्युटरची खोली बंद झाली, आणि शेवटची मोठी चाचणी राहिली होती. सोळाही हुकूम एका प्रोग्राममध्ये चालवून दाखवायचे होते, सुट्टीनंतर तिसऱ्या आठवड्यात बाहेरचे परीक्षक येणार होते त्यांच्यासमोर. मी छत्तीस ओळी लिहिल्या होत्या आणि यंत्रात जागा बत्तीस. ते कोडं, हुकमांचा तक्ता आणि जुन्या छापील कागदांची भेंडोळी घेऊन मी घरी आलो. असेंब्लर बंद, म्हणजे त्याचं काम आता हाताने करायचं.

घरात मात्र कोणाला वेळ नव्हता. बाबा मुंबईला गोदीत, त्यांना रजा नाही. आई आणि ताई पहाटेपासून शेतात, वाडीतल्या बायका सावडीला. आज तुमचं कापू, उद्या आमचं. आणि मी, घरातला एकमेव धट्टाकट्टा पुरुष, पडवीत कागद पसरून बसलेला. शेजारची काकू जाता जाता म्हणाली, शिकलेला भात कापीत नाय, नुसता खातो. हसत म्हणाली, पण म्हणाली.

दुपारी जेवायला आल्यावर ताई माझ्याजवळ टेकायची. हाताला विळ्याचे व्रण, केसांत पेंढ्याच्या काड्या. दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हे तू तक्त्यात बघून बघून लिवतोस, ते मला दे, तू पुढचं बघ. मी दिलं. खरं सांगायचं तर कंटाळवाणं काम टळलं म्हणून दिलं. ताईला दोन दुपारींत सोळा हुकूम तोंडपाठ झाले. तिसऱ्या दुपारी तिने माझी एक चूक काढली, एका ओळीत मी वजाचा आकडा मिळवच्या जागी टाकला होता. दाखवताना तिने बोट कागदापासून वर, हवेत धरलं होतं, कागद मळू नये म्हणून.

ताई दहावीला गणितात नापास झाली होती. बाकी सगळ्यांत पास. आमच्या वाडीत नापास होणं ही घरातली खाजगी गोष्ट नव्हती. शिकायचं हे सगळ्या वाडीने मिळून ठरवलेलं होतं, त्यामुळे एक मूल गळलं की विहारात बसलेली म्हातारी माणसंसुद्धा मान हलवायची. ताईने पुन्हा फॉर्म भरला नाही. आईला शेतात हात हवे होते, मला पुढे शिकायचं होतं, आणि घरातलं कोणी तिला बस म्हणालं नाही. मीही नाही.

त्या सुट्टीत, कागदावर मान घालूनच, तिने विचारलं, "मार्चला बसू का रे परत? गणिताला?"

मी म्हटलं, बस की. तुझं डोकं चांगलं चालतं. हे मी खरंच म्हणालो होतो, आणि माझ्या बाजूने जमेला धरण्यासारखं त्या सुट्टीत तेवढंच एक आहे. ती महाडच्या शाळेत जाऊन हेडमास्तरांना विचारूनही आली. महिनाअखेरपर्यंत फॉर्म भरायचा होता. तिने जुनं गणिताचं पुस्तक माळ्यावरून काढलं, धूळ झटकली आणि तांदळाच्या डब्यावर उभं करून ठेवलं. येता-जाता ती त्याच्याकडे बघायची.

आणखी एक आठवण आहे, ती मी बरीच वर्षं आठवायची टाळली. बटणांचा तक्ता मी हाताने काढला होता, कुठल्या ओळीला जागेची कुठली बटणं वर आणि कुठली खाली. ताईने तो बघून विचारलं, पहिल्या ओळीला सगळी बटणं खाली कशी? मी तोंडात घास ठेवून म्हणालो, तसंच असतं. ती म्हणाली, बरं.

सुट्टी संपली त्या सकाळी तिने शेवटचा कागद हातात दिला. एकतीस ओळी. सुबक अक्षर, प्रत्येक ओळीचा क्रमांक नव्याने घातलेला, प्रत्येक उडीचा आकडा नव्याने काढलेला. मी छत्तीसच्या बत्तीस करायला आठ दिवस डोकं खाजवत होतो आणि हिने एकतीस केल्या होत्या. कशा, ते विचारायला वेळ नव्हता, गाडी तुडीलच्या फाट्यावर थांबून हॉर्न देत होती. कागद घडी करून खिशात घातला आणि पळालो.

कॉलेजात तो प्रोग्राम चालला नाही. बटणं तपासली, पुन्हा घातला, तरी नाही. उडी मारली की यंत्र भलतंच काहीतरी करायचं. सहा दिवस आम्ही तारा हलवून बघितल्या. सातव्या दिवशी मी कागदाच्या तळाशी लिहिलेली बारीक ओळ वाचली: पाच ओळी काहीच करत नव्हत्या, त्या गाळल्या. काशिनाथचे विसावे. तिने ते काढून टाकले होते. माझं डोकं फिरलं. न विचारता, न समजता. मी तिथेच घरी पाठवायला पोस्टकार्ड लिहायला घेतलं.

आमच्याकडे पत्र थोरल्यांच्या नावे लिहायची पद्धत. कार्ड आईला होतं. खुशाली लिहिली, बाबा भेटले लिहिलं, आणि मग: ताईला सांगणे की आपल्याला न कळणाऱ्या कामात हात घालू नये. ज्याला दहावीचं गणित सुटत नाही त्याने ह्यात पडू नये. तिच्या कागदामुळे आमचा आठवडा वाया गेला. वर सा. न. वि. वि., सगळं रीतसर. संध्याकाळच्या टपालात टाकलंही.

दुसऱ्याच दिवशी काशिनाथने एकेक हुकूम बटण दाबून चालवला आणि जागेच्या दिव्यांकडे बघत बसला. पहिली ओळ चालू असताना एकही दिवा लागलेला नव्हता. मग म्हणाला, "यंत्र पहिल्या ओळीला शून्य म्हणतं रे. आपला असेंब्लर तिला एक म्हणतो."

एवढंच होतं. असेंब्लर लिहिताना ओळी मोजायचं काम माझं होतं, आणि मी खळ्यावर मोजतात तसं मोजलं होतं, पहिली ती एक. यंत्र मोजत होतं शून्यापासून. त्यामुळे आमची प्रत्येक उडी ठरलेल्या ओळीच्या एक ओळ पुढे पडत होती, पहिल्या दिवसापासून. पण ठरलेल्या ओळीवर नेहमी विसावा असायचा. तो ओलांडून पुढे पडलं तरी बिघडत काहीच नव्हतं, म्हणून चाचण्या पास होत होत्या. ताईने विसावे काढले आणि चूक उघडी पडली. आम्ही इतके महिने यंत्राची परीक्षा घेत होतो. आमची परीक्षा तिने घेतली.

असेंब्लरच्या गठ्ठ्यात भोकांचं एक कार्ड बदलावं लागलं. ताईच्या कागदावर प्रत्येक उडीच्या आकड्यातून एक वजा केला आणि तोच कागद यंत्रात घातला. पहिल्या फटक्यात चालला. काशिनाथ माझ्याकडे वळून म्हणाला, ताईला लिव. मी म्हटलं, लिहितो.

चार दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं, लिवलंस का? मी म्हणालो, लिहिलं.

लिहिलं नव्हतं. का नाही, ह्याची कारणं मी नंतर पुष्कळ तयार केली. परीक्षा होती. कार्डावर एवढं सगळं कसं समजावणार. घरी गेल्यावर समोरासमोर सांगू. खरं कारण एकच, लाज वाटली. लाज वाटली की माणूस काम पुढे ढकलतो, आणि ढकललेल्या कामाची लाज आणखी वाढते. बाहेरचे परीक्षक आले, एकतीस ओळींचा प्रोग्राम बघून खूश झाले, इतका आटोपशीर कुणी लिहिला म्हणाले. मी म्हणालो, आम्हीच, सर. काशिनाथ माझ्या शेजारी उभा होता. नंतर दोन दिवस तो माझ्याबरोबर चहाला आला नाही.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा आई कौतुकाने सांगत होती. तुझं कार्ड आलं तेव्हा आमी खळ्यावर झोडीत होतो. पोस्टमननं तिथंच वाचून दाखवलं, सगळ्या बाया ऐकत होत्या. आईला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे तिची कार्डं पोस्टमन नेहमीच मोठ्याने वाचायचा. हे मला लिहिताना माहीत होतं. आई पुढे म्हणाली, आन त्या दिवशी सुजानं कुणाला झोडायला दिलंच नाय, सगळे भारे एकटीनं झोडले. सुजाता हे ताईचं नाव. गणिताचं पुस्तक तांदळाच्या डब्यावर नव्हतं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. फॉर्मची मुदत केव्हाच होऊन गेली होती.

पुढे तिचं लग्न झालं. गावात अंगणवाडी आली तेव्हा सेविकेला दहावी पास लागायची. ताई मदतनीस लागली आणि मदतनीस म्हणूनच तीसेक वर्षांनी घरी बसली. तिच्यासमोर किती सेविका आल्या आणि गेल्या. त्यांची रजिस्टरं अडली की त्या ताईकडेच आणायच्या, असं तिची सून सांगते. काशिनाथ पुण्यात स्थायिक झाला. अजून फोन करतो, आणि इतक्या वर्षांत त्याने तो विषय काढलेला नाही. मी आयुष्यभर कॉम्प्युटरवर पोट भरलं. जेव्हा जेव्हा मोजणी शून्यापासून सुरू करायची वेळ आली, तेव्हा तेव्हा पडवीतला तो प्रश्न कानात आला. पहिल्या ओळीला सगळी बटणं खाली कशी? तोंडातला घास गिळून मी एक मिनिट विचार केला असता तर.

परवा राशी मोजून झाल्यावर ताई म्हणाली, गुडघे धरलेत, मला सवला घेऊन चल. कापणी झाली की आमच्या बायका पूर्वीपासून महाडजवळच्या सव गावाला जातात. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत, त्या पाण्यात अंग शेकतं आणि कुसळांची खाजही जाते. दुपारी गर्दी नव्हती. आम्ही दोघं कठड्यावर बसून पाण्यात पाय सोडले. तिचे पाय आईसारखे दिसायला लागलेत. पाण्याला गंधकाचा वास येत होता आणि मला तो छापील कागद आठवत होता. मी एकदम बोलायला लागलो. कार्ड, विसावे, शून्य, एक, सगळं. चाळीस वर्षं तयार केलेली वाक्यं होती, ती सगळी उलटीसुलटी बाहेर आली.

ताईने मध्ये तोडलं नाही. मी थांबल्यावर पाण्यात पाय हलवत म्हणाली, "मला ठावं होतं रे."

मग तिने सांगितलं. कार्ड आल्यावर आठवडाभर ती दुपारी तो कागद पुन्हा घेऊन बसली होती. त्याची आणि बटणांच्या तक्त्याची नक्कल तिच्याकडे होती. भाताचा एकेक दाणा ओळींवर सरकवत तिने सगळा प्रोग्राम बोटाने चालवून बघितला. बटणांच्या तक्त्यात पहिल्या ओळीला सगळी बटणं खाली, म्हणजे काहीच नाही, आणि मी तिला एक म्हणत होतो. हे तिला तेव्हाच दिसलं. चूक तिची नाही, मोजणीची आहे, हे तिला माझ्या मागोमागच, आणि यंत्राशिवाय कळलं होतं.

मी विचारलं, मग तू मला लिहिलं का नाहीस?

"तुला कळंल आन तू लिवशील म्हणून थांबले," ती म्हणाली. "महिना सरला. मग म्हटलं, बरोबर लिवून पण घरचाच माणूस चूक म्हणतो, तिथं बोर्डाचा मास्तर काय येगळं करणार? फॉर्म नाय भरला."

हे ती रागाने म्हणाली नाही. मी माफी मागायला लागलो आणि मला रडू आलं. शेजारच्या कुंडावरच्या एका बाईने बघून तोंड फिरवलं. ताईने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच. थोड्या वेळाने म्हणाली, हे इथं पाण्यात पाय घालून सांगू नको. पोस्टानं पाठव. ते पण पोस्टानंच आलं होतं, सगळ्यांच्या समोर.

मला वाटलं, गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती.

काल महाडला जाऊन कार्ड आणलं. मिळतं अजून, खिडकीतल्या माणसाने मात्र दोनदा विचारलं, कार्डच ना? पोस्टातल्याच बाकावर बसून लिहिलं. चार वेळा मनात लिहून खोडलं, कारण कार्डावर जागा थोडी आणि मला वाढवायची सवय. शेवटी लिहिलं ते एवढं: ती. ताईस, तुझा कागद बरोबर होता. गाळलेल्या पाच ओळी गाळायलाच हव्या होत्या. चूक माझ्या मोजणीची होती आणि ती मला कार्ड टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळली होती. तरी मी लिहिलं नाही. परीक्षकांनी प्रोग्राम कोणाचा म्हणून विचारलं, तेव्हा तुझं नाव सांगितलं नाही. तो तुझा होता. पत्ता घातला, पेटीत टाकलं, आणि पेटीच्या तोंडात बोटं घालून ते खाली पडलंय ना ते उगाचच बघितलं.

महाडहून तुडील किती लांब, पण कार्ड एक दिवस तरी घेणार हे मला ठाऊक होतं. म्हणून परतीची गाडी रद्द केली. दुसऱ्या शेताचं भात झोडायला काढलं होतं. आज दुपारी मशीन बंद झालं, धूळ खाली बसली, आणि ताई पायली घेऊन राशीपाशी बसली. सावडीच्या चार बायका पोती धरून उभ्या होत्या. इतक्यात पोस्टातली पोरगी स्कूटी बांधावर लावून आली. ही ताईच्याच अंगणवाडीत वाढलेली. कार्ड पुढे करत म्हणाली, आजी, तुमचं कार्ड आलंय, आजकाल कार्ड कोण पाठवतं? ताईला वाचता येतं, चष्माही गळ्यात होता. पण तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, वाच.

पोरीने वाचलं. पहिल्या ओळीनंतर तिचा आवाज जरा हळू झाला, तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग पुढे शेवटपर्यंत वाचलं. बायकांना पाच ओळी म्हणजे काय, प्रोग्राम म्हणजे काय, काही कळलं नसावं. तरी पोतं धरलेल्या दोघींनी ते खाली ठेवलं. मी मान खाजवत उभा होतो.

ताईने पायली राशीला टेकवून ठेवली आणि पदर सावरला.

"वरल्या दोन ओळी परत वाच गो," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."